हृदय म्हणजे मोटर नव्हे!

गिरणीची मोटर जळली आणि ती रिवाइंड करून घेतली, तर तो खर्च धंद्याचा. पण गिरणीवाल्याचंच हृदय बिघडलं तर? तो खर्च कुणाचा?

प्रश्न गमतीचा वाटेल, पण असा प्रश्न खरोखर कोर्टात गेला होता बरं का! प्रसिद्ध वकील शांतिभूषण यांनी आपल्या हृदयशस्त्रक्रियेचे १,७४,००० रुपये व्यवसायाचा खर्च म्हणून दाखवले होते. हृदय हे वकिलाचं 'प्लांट', म्हणजे कमाईचं यंत्र. ते दुरुस्त करून घेतलं, असा युक्तिवाद. २०११ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने तो फेटाळला. यंत्र असेल तर ते ताळेबंदात मालमत्ता म्हणून दिसायला हवं होतं. शिवाय हृदय माणसाला सगळ्याच कामांना लागतं, एकट्या वकिलीला नाही. निकाल वाचून मला हसू आलं, आणि पटलाही.

हे सगळं आठवायचं कारण माझा भाचरा, म्हणजे थोरल्या भावाचा मुलगा. पिठाची गिरणी आणि मसाला कांडप असा त्याचा व्यवसाय. परवा म्हणाला, "आत्या, नव्या पद्धतीत मेडिक्लेमची सूटच नाही. मग हप्ता कशाला भरू?"

हिशेब त्याचा बरोबर होता. जुन्या कररचनेत कलम ८०-डी खाली स्वतःच्या, बायकोच्या नि मुलांच्या विम्यासाठी २५,००० पर्यंत वजावट मिळते. आईवडील साठीच्या पुढचे असतील तर त्यांच्यासाठी आणखी ५०,०००. २०१८-१९ पासून त्यात एक चांगली सोय झाली. ज्येष्ठांचा विमा नसेल, तर त्यांच्या डॉक्टर-औषधांचा खर्चही याच ५०,००० त बसतो. अट एकच, पैसे रोखीने दिलेले नसावेत. आता आमच्याकडे औषधं आणायची पद्धत आठवा. खिशातून नोटा काढायच्या, बिल तिथेच टाकून यायचं!

पण २०२३-२४ पासून नवी कररचना हीच मूळ धरली जाते आणि तिच्यात ८०-डी नाही. नोकरदाराला दरवर्षी जुनी की नवी हे निवडता येतं. धंदेवाल्याला जुनी हवी तर वेगळा फॉर्म भरावा लागतो, आणि एकदा नवीत परत आला की धंदा आहे तोवर पुन्हा जुनीत जाता येत नाही. त्यात २०२५-२६ पासून नव्या रचनेत बारा लाखांपर्यंतच्या धंद्याच्या उत्पन्नावर करच लागत नाही. याचं उत्पन्न सात लाखांच्या आसपास. तेव्हा नवीच बरी, यात वाद नाही.

मी म्हटलं, "अरे, मग जुन्या पद्धतीत तुझे वाचत तरी किती होते? २५,००० ची वजावट म्हणजे २५,००० परत नव्हेत. वीस टक्के आणि वर सेस, म्हणजे ५,२००. तेवढ्यासाठी विमा काढला होतास का?" तो गप्प बसला. मग मीच पुढे सांगितलं की २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा अठरा टक्के जीएसटीही गेला आहे. आणि पॉलिसी एकदा तुटली की जुन्या दुखण्यांसाठी थांबण्याचा काळ नव्या पॉलिसीत पुन्हा पहिल्यापासून मोजतात. तो तीन वर्षांपर्यंत असू शकतो. त्याला साखर आहे. पंचेचाळिशी उलटली आहे.

एक गोष्ट मात्र मला अजून खटकते. हाताखालच्या पोराचा आरोग्य विमा त्याने चेकने किंवा ऑनलाइन भरला, तर तो रीतसर धंद्याचा खर्च धरता येतो, नव्या रचनेतही. मालकाचा स्वतःचा मात्र नाही. कायद्याचं तर्कशास्त्र मला कळतं. नोकराचा विमा हा पगारासारखा, मालकाचा हा घरखर्च. पण मी शाळेत होते तेव्हा आजारी पडले तर रजा मिळायची, पगार चालू राहायचा. हा आजारी पडला की गिरणीला कुलूप. दवाखान्याचं बिल एकीकडे, बुडालेला धंदा दुसरीकडे.

सरकारने सवलत देऊन लोकांना विम्याची सवय लावली आणि आता सवलत काढली. सवलत गेली म्हणून सवयही गेली, तर नुकसान सरकारचं होणार नाही. असो.

त्याने अजून हप्ता भरलेला नाही. मुदत या महिनाअखेर संपते. तुमच्या घरात कुणी दुकान, गिरणी, टपरी चालवत असेल तर करसल्लागाराकडे जाण्याआधी त्याला एवढंच विचारा: तू महिनाभर अंथरुणाला खिळलास, तर घर कशावर चालेल?