वाघिणीची मापं

गुहागरात रेल्वे नाही. जवळचं स्टेशन चिपळूण. तरी आमच्याकडे रूळ आहेत: एक विहिरीवर रहाटाखाली आडवा टाकलेला, एक शाळेच्या पडवीत घंटा म्हणून टांगलेला. घंटेचा तुकडा जवळून बघितला की त्याच्या मधल्या पट्टीवर उठावाची अक्षरं दिसतात. रंगाचे थर खरवडले की वाचताही येतात: कारखाना, साल आणि 60 आर. आकडा वजनाचा, एका यार्डाला 60 पौंड. ब्रॉडगेजवर 90 आर असायचे, 60 आर मीटरगेजवर. म्हणजे हा तुकडा बहुधा कऱ्हाडच्या बाजूचा. पुणे-मिरज मार्ग 1971 च्या सुमारास रुंद झाला, तेव्हाचं भंगार कुंभार्ली उतरून खाली आलं असणार. कोकण रेल्वे सुरू होईपर्यंत इथल्या लोकांना रेल्वे म्हणजे घाटावरचं कऱ्हाडच.

मालगाडीच्या डब्यांच्या हुबेहूब प्रतिकृती करायच्या तर अशाच खुणांवर भिस्त ठेवावी लागते. इंजिनांचं बरं आहे. त्यांचे फोटो आहेत, नकाशे आहेत, त्यांना नावं दिली गेली, संग्रहालयात जागा मिळाली. मालडब्यापुढे उभं राहून फोटो काढून घ्यायची हौस कुणाला होती? जुन्या फोटोंत वाघीण दिसते ती इंजिनाच्या मागे अर्धी कापलेली, नाहीतर फलाटावरच्या वऱ्हाडाच्या पाठीशी.

आधी प्रमाणाचं दुखणं. जगात सर्वांत जास्त चालणारं माप एचओ, म्हणजे 1:87, आणि त्याचा बाजारात मिळणारा रूळ 16.5 मिलिमीटर रुंद. युरोप-अमेरिकेच्या 1435 मिलिमीटरच्या गेजला तो चपखल बसतो. आपलं ब्रॉडगेज 1676. त्याला 1:87 ने भागलं तर 19.26 येतात, आणि तेवढा रूळ दुकानात मिळत नाही. म्हणजे एकतर रूळ स्वतः घाला, नाहीतर डबा 1:101 च्या आसपास न्या, नाहीतर अरुंद रुळावर रुंद डबा चालवून डोळेझाक करा. बहुतेक जण तिसरा मार्ग धरतात. मला तो पटत नाही, समोरून बघितल्यावर डबा काखेत पाय घेतल्यासारखा दिसतो.

आता जे जातंय ते.

चार चाकांची बंद वाघीण. धान्य, साखर, खत, कुणाचं घरसामान, सगळं हिच्यातून गेलं. एका गाडीत हिच्याच दहा तऱ्हा असत: पत्र्यावर रिव्हेटच्या ओळी असलेली, वेल्डिंगची, ठिगळ लावलेली, एक दार नवं आणि एक जुनं. आता गाडी अख्खी एका जातीची असते, एका ठिकाणी भरते आणि एका ठिकाणी रिकामी होते. प्रतिकृती करणाऱ्याला हे सोयीचं वाटेल, पण नुसता हिशेब करून बघा. कोळशाची उघडी बॉक्सएन वाघीण कपलरपासून कपलरपर्यंत 10,713 मिलिमीटर, म्हणजे एचओत 12.3 सेंटिमीटर. अशा 59 ओळीने लावल्या तर सव्वासात मीटर होतात. आमची पडवी तेवढी नाही. जुन्या तऱ्हेच्या मिसळ गाडीत आठ डबे लावले तरी मालगाडी खरी वाटायची.

रिव्हेट. यांची मोजणी करणारी माणसं जगभर आहेत आणि त्यांची चेष्टाही जगभर होते. पण रिव्हेटच्या रांगेवरून आतली चौकट कळते. पत्रा कुठे जोडला, आधाराची पट्टी कुठे उभी आहे, सगळं बाहेरून वाचता येतं. वेल्डिंगच्या डब्याला ही लिपी नाही.

तेलाच्या अॅक्सल बॉक्स. चाकाच्या टोकाशी झाकणाची पेटी, आत पितळेचं बेअरिंग आणि तेलात भिजवलेली सुताची गुंडाळी. तेल संपलं की पेटी तापायची, धूर निघायचा, डबा वाटेत काढून ठेवावा लागायचा. पितळेला भाव होता, त्यामुळे यार्डात उभ्या डब्यांतून बेअरिंगं चोरीला जात. मग रोलर बेअरिंग आलं. सीआरटी या बंद वाघिणीच्या नावातला आर तोच. बाहेरून फरक एवढाच, की झाकणाच्या पेटीऐवजी गोल टोपी. छोट्या मापात हा फरक दीड मिलिमीटरचा आहे, आणि डब्याचं वय तिथेच ठरतं.

स्क्रू कपलिंग. दोन डब्यांच्या मध्ये शिरून हुकात कडी घालायची आणि मधला स्क्रू पिळून आवळायचा, दोन बाजूंना बफर. हे काम करणाऱ्याची हाडं मोडल्याच्या गोष्टी प्रत्येक रेल्वेगावात आहेत. मालगाडीवर आता मधला एकच कपलर, आपोआप जुळणारा. बफर गेले आणि डब्याच्या तोंडाचा चेहराच बदलला.

व्हॅक्यूमचा पाइप. गेला. हवेच्या ब्रेकचे बारीक नळ त्याच्या जागी आले.

कागदाचं लेबल. डब्याच्या कुशीला एक लहान पत्र्याची चिमटी असे, तिच्यात कुठून-कुठे आणि काय भरलंय ते लिहिलेला कागद. दाराला तार आणि शिशाचं सील. शिवाय पोरांनी नव्हे, यार्डातल्या माणसांनी खडूने केलेल्या खुणा: हा दुरुस्तीला, हा रिकामा, हा अमक्या लाइनवर. या खुणांचं कोष्टक कुठे छापलेलं नव्हतं, यार्डागणिक पद्धत वेगळी. आता हिशेब संगणकात आणि डब्यावर आरएफआयडीची चकती. खडू पहिल्या पावसात धुऊन जायचा, म्हणून तो फोटोतही फार कमी सापडतो. प्रतिकृतीवर मी तो पांढऱ्या पेन्सिलीने काढतो आणि वरून थोडा पुसतो.

अंगावरचे आकडे. हे अजून आहेत, पण वाचणारा कमी. वाघिणीचा नंबर अकरा आकडी: पहिले दोन जातीचे, पुढचे दोन मालक रेल्वेचे, पुढचे दोन बांधणीच्या सालाचे, मग चार आकडी अनुक्रम आणि शेवटचा पडताळ्याचा. त्याखाली रिकामं वजन, भार, मोठी दुरुस्ती कुठल्या कारखान्यात आणि कधी झाली, पुन्हा कधी. ब्रॉडगेजच्या वाघिणी देशभर फिरतात, त्यामुळे चिपळुणात पूर्वेकडचा डबा उभा दिसला तर नवल नाही. सगळ्या गाडीवर मध्य रेल्वे रंगवणारा हौशी माणूस तिथेच पकडला जातो.

मापं घ्यायची रीत. फलाटावर टेप घेऊन डब्याच्या जवळ जाऊ देत नाहीत, आणि ते रास्तच आहे. म्हणून आडवा सरळ फोटो घ्यायचा आणि त्यातलं एक ठाऊक माप धरून बाकीची काढायची. नवशिका चाक धरतो. बॉक्सएनचं नवं चाक 1000 मिलिमीटर असतं खरं, पण झिजत झिजत 906 पर्यंत चालतं. म्हणजे दर शंभराला नऊपर्यंतची चूक चाकातच दडलेली. त्यापेक्षा कपलरपासून कपलरपर्यंतची लांबी धरावी, आणि समोरून घेतलेल्या फोटोत गेज.

बार्शीच्या छोट्या गाडीचं नशीब वेगळं. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंजिनिअरने 1897 साली सुरू केलेली ही अडीच फुटी लाइन. दाबलेल्या पोलादाच्या चौकटीवरचे तिचे डबे हिंदुस्थानात येण्याआधी लीड्सजवळ चालवून दाखवले गेले, त्यावर लिहिलं गेलं, छापलं गेलं. त्यामुळे शंभर वर्षांपूर्वीचा नॅरोगेजचा डबा नीट करता येतो आणि माझ्या लहानपणचा ब्रॉडगेजचा डबा अडतो.

रो-रोची सपाट वाघीण. कोकणची म्हणावी अशी हीच एक. 1999 पासून कोलाड ते वेर्णे माल भरलेले ट्रक बीआरएन वाघिणींवर चढवून नेतात, ड्रायव्हर आपापल्या केबिनमध्ये बसलेले, कुणी चादर ओढून झोपलेला. प्रतिकृतीत वाघीण नाममात्र, सगळं काम ट्रकांचं: ताडपत्रीच्या गाठी, मागे लिहिलेली वाक्यं, लिंबू-मिरची. आधी डिझेलची इंजिनं ही गाडी ओढायची, मार्च 2022 ला कोकण रेल्वेचं विद्युतीकरण पुरं झालं. गंमत म्हणजे 2015 पासून काही वर्षं आमच्या तालुक्यातल्या अंजनवेलच्या वीजप्रकल्पातून रेल्वेला वीज जात होती. रूळ आले नाहीत, पण गाडी ओढायला हातभार लागला.

गार्डाचा डबा. मालगाडीच्या शेवटी, व्हरांडा, कठडा, आत एक बाकडं. जानेवारी 2022 पासून गार्डाला ट्रेन मॅनेजर म्हणतात. त्याची लोखंडी लाइन बॉक्स, आत झेंडे, दिवा, फटाके, वर पांढऱ्या रंगात नाव, ती उचलणारे हमाल, सगळं ट्रॉली बॅगेवर आलं. आता डब्याच्याच जागी गाडीच्या शेपटाला यंत्र बसवायला घेतलंय, ते इंजिनाला सांगतं की गाडी तुटलेली नाही. म्हणून चिपळुणात मालगाडी साइडिंगला दिसली तर आधी शेवटचा डबा टिपावा: पायऱ्या किती, कठड्याचे गज किती, छपराची कड कुठवर येते. पुढच्या 59 वाघिणी उद्याही सापडतील.