मोडका दांडा

हत्यार ओळखलें जातें तें पात्यावरून. श्रम मात्र बहुधा दांडा करितो. कुऱ्हाड म्हटली कीं पातें डोळ्यांपुढें येतें. दांड्याची आठवण होते ती तो मोडल्यावर, किंवा ‘कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ’ अशी त्याची निंदा करावयाची असेल तेव्हां. आमच्या लहानपणीं धावड्याचा दांडा तासून नेढ्यांत बसविणें व पाचर ठोकणें हें काम घरोघर चाले. आतां मोडलेली वस्तु टाकावी व नवी आणावी, अशी रीत पडली आहे. या रीतीचा विचार करण्याचा प्रसंग आमच्या सक्करदऱ्याच्या घरीं एका गोल्फच्या काठीनें आणिला.

आमच्या कॉलेजांत शिकणाऱ्या नातवानें सांठविलेल्या पैशांतून एक वापरलेली काठी विकत घेतली. हा साहेबलोकांचा खेळ आपल्या घरांत कशास, असें त्याच्या आजीचें म्हणणें. खेळ साहेबांचा खरा, पण आपल्या देशांत तो जुना आहे. कलकत्त्याचा क्लब १८२९ सालचा. टोकियो येथें २०२१ सालीं भरलेल्या ऑलिंपिकांत उदयन माने हा मराठी खेळाडू हाच खेळ खेळला. मुंबईस चेंबूर येथें बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब १९२७ सालीं निघाला. तेथें खेळाडूंचें सामान वाहणाऱ्या मुलांनीं पुढें आपल्या वस्तीच्या गल्ल्यांत हा खेळ मांडला. इमारतीच्या लोखंडी सळया वांकवून त्यांनीं काठ्या केल्या व मुठीस रबरी नळी चढविली. तेव्हां खेळास जात नसते, इतकेंच आम्हीं घरांत सांगितलें.

पण एके दिवशीं फटका चुकला आणि रागाच्या भरांत चिरंजीवांनीं काठी बाभळीच्या बुंध्यावर आपटली. दांड्याचे दोन तुकडे झाले. काका म्हणाले, “जाऊं द्या, मी नवी आणून देतों.” आजी म्हणाली, “बरें झालें, पीडा गेली.” मुलगा खालीं मान घालून उभा होता. आम्हीं काठी हातीं घेऊन पाहिली. लोखंडी पातें शाबूत होतें.

पूर्वीं हा दांडा अमेरिकेंतील हिकरी नांवाच्या झाडाचा असे. पोलादी दांड्यास सेंट अँड्र्यूजच्या नियामकांनीं १९२९ सालीं मान्यता दिली, आणि १९७० नंतरच्या दशकांत कार्बन तंतूंचे दांडे आले. आमचा दांडा पोलादी होता. असा मोडका दांडा सांधून वापरूं नये. जोराच्या फटक्यांत सांधा सुटला तर तुकडा कोणाच्या डोळ्यांत जावयाचा. म्हणून दांडा बदलणें प्राप्त झालें. तें काम मुलानेंच करावें, असें आम्हीं ठरविलें.

पात्याच्या मानेंत दांड्याचें टोंक एपॉक्सीनें चिकटविलेलें असतें. गरम हवेच्या यंत्रानें मान तापविली कीं एपॉक्सी मऊ होतें व टोंक पिळून निघतें. भोक आंतून खरवडून स्वच्छ केलें. नव्या दांड्याचें टोंक भोकाच्या मापाचेंच हवें. कांहीं दांड्यांचें टोंक सरळ, ०.३७० इंच व्यासाचें असतें, तर कांहींचें निमुळतें, ०.३५५ इंचांचें, म्हणून आधीं माप घेतलें. मग टोंक काचकागदानें घासून खरखरीत केलें, एपॉक्सीचे दोन्हीं भाग सारखे कालवून लाविले आणि काठी पुरते चोवीस तास भिंतीशीं उभी ठेविली. लांबी कमी करावयाची ती मुठीच्या बाजूनें. टोंकाकडून अधिक कापल्यास दांडा ताठर होतो. शेवटीं दोन्हीं बाजूंनीं चिकटणारी पट्टी गुंडाळून, तीवर टर्पेंटाइन ओतून रबरी मूठ चढविली. उतावीळ मुलास चोवीस तास थांबणें हेंच सर्वांत जड गेलें.

मग त्यानें विचारलें, “आजोबा, ही काठी तीच कीं दुसरी?” आम्हीं त्यास मिलिंदपञ्हांतील रथ सांगितला. चाक, आंस, दांडी यांपैकीं एकही रथ नव्हे. तरी त्यांच्या मेळास रथ म्हणतात. त्याचें कितपत समाधान झालें, तें तोच जाणे. पण त्यानेंही आम्हांस एक गोष्ट शिकविली. गोल्फच्या २०२३ सालच्या नियमांप्रमाणें खेळ चालू असतां काठी अपघातानें बिघडली तर ती दुरुस्त करावी किंवा बदलावी. रागानें मोडली असेल तर दुरुस्ती करतां येते, बदली काठी घेतां येत नाहीं.

हा नियम आम्हांस इतका पटला कीं तो आम्हीं घरांत लागू केला. चुकून फुटलेली वस्तु सामाईक खर्चांतून नवी येईल. रागानें फोडलेली फोडणाऱ्यानें स्वतःच्या हातानें नीट करावी. दोन महिन्यांत या नियमांत पहिले सांपडले ते नवी काठी देऊं करणारे काकाच. क्रिकेटचा सामना पाहतांना त्यांनीं दूरदर्शनचा रिमोट भिंतीवर फेंकला. तो जोडण्यास त्यांस दोन रविवार लागले. आणि दुसऱ्या रविवारीं स्क्रू धरून शेजारीं बसला होता तो नातू.