बीड ते जेद्दा : तिकिटावरचे तास

बीडमधून कुणी उमऱ्याला निघालं की शेजारीपाजारी आधी विचारतात, "विमानाला किती वेळ?" तिकीट वाचणारा पोरगा सांगतो, "तीन तास." समजा, मुंबईहून सकाळी सहाला उड्डाण आणि जेद्दाला नऊला उतरणं. पण या दोन्ही वेळा त्या-त्या गावच्या घड्याळाच्या असतात. आपली प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखावृत्ताची, सौदीची ४५ अंशांची. फरक ३७.५ अंश. एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे दीडशे मिनिटं. हे अडीच तास मिळवले की खरा प्रवास साडेपाच तासांचा निघतो. येताना गणित उलटं, तिकिटावर सात-साडेसात तास दिसतात. प्रत्यक्षात येताना वेळ जरा कमीच लागतो, कारण पश्चिमेकडून वाहणारे उंचावरचे वारे विमानाला मागून रेटा देतात.

मुंबई ते जेद्दा हवाई अंतर सुमारे ३,५०० किलोमीटर. बीड ते मुंबई रस्त्याने जेमतेम ४००, पण एसटीत अख्खी रात्र जाते! बीड शहरात रेल्वे आली ती १७ सप्टेंबर २०२५ ला, तीही अहिल्यानगरपर्यंत. म्हणजे सगळ्यात लहान टप्प्यालाच सगळ्यात जास्त वेळ.

आपल्या आजा-आजींच्या पिढीतले हाजी मुंबईहून जहाजाने जात. आठवड्याहून अधिक दिवस समुद्रावर काढत. ती जहाजं १९९५ मध्ये बंद झाली. त्या प्रवासात हाल होतेच, पण जेद्दाला उतरण्यापूर्वी झोपायला रात्री तरी मिळत.

आता साठीतल्या अम्मी-अब्बांना रात्री बसमध्ये बसवायचं, सकाळी थेट विमानतळावर, तिथे तीन-चार तास आधी हजर, मग साडेपाच तास खुर्चीत, रांगा, पुढे मक्केपर्यंत ऐंशीएक किलोमीटर. आणि पोहोचताच तवाफ, नंतर सई. सफा-मरवाचे सात फेरेच तीन किलोमीटरच्या वर भरतात. तरुण माणूसही थकेल. म्हणून माझं आग्रहाचं सांगणं, मुंबईत एक दिवस आधी पोहोचा. नातेवाइकांकडे जागा कमी असली तरी चालेल, झोप हवी. मक्केत पोहोचल्यावरही इहरामच्या हालतीत चार तास आराम करून उमरा करता येतो, घाईची सक्ती नाही.

इहराम मात्र मुंबईतच बांधून घ्यावा, कारण मीकात विमान उतरण्याआधीच, हवेतच येऊन जातो. आधी थेट मदीनेला जाणाऱ्यांना इथून बांधण्याची गरज नाही. ते मदीनेहून मक्केला निघताना, जुल-हुलैफा इथे नीयत करतात.

शुगर-बीपीच्या गोळ्या मोठ्या बॅगेत नकोत, हातातल्या पिशवीत हव्यात. जाताना दिवस अडीच तासांनी लांबतो, त्यामुळे इन्सुलिन घेणाऱ्यांनी त्या दिवसाच्या वेळा निघण्याआधीच डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्याव्यात.