आधी उपकारस्तुती

मुलीला परिचारिकेच्या नोकरीसाठी आखातात धाडावे की इथल्याच रुग्णालयात राहू द्यावे, गावाकडची जमीन राखावी की विकावी, म्हाताऱ्या आईवडिलांना शहरात आणावे की त्यांच्या अंगणातच असू द्यावे, असे प्रश्न आपल्या प्रत्येक घरात कधी ना कधी उभे राहतात. अशा वेळी श्रद्धावंताच्या ओठी सहज शब्द येतात, "प्रभो, तुझी इच्छा काय ती कळव." ही प्रार्थना उत्तमच आहे. परंतु ती करून झाल्यावर आपण वाट कशाची पाहत असतो, हे एकदा स्वतःला विचारण्याजोगे आहे. बहुतेक वेळा आपण खुणेची वाट पाहतो. स्वप्न पडावे, पवित्र शास्त्र उघडताच नेमके वचन समोर यावे, नोव्हेनेच्या नवव्या दिवशी दारात पोस्टमन उभा राहावा, अशी आपली अपेक्षा असते.

आपल्या मातीत कौल लावण्याची रीत फार जुनी आहे. उजवी बाजू पडली तर होकार, डावी पडली तर नकार. आपल्या पूर्वजांनी ख्रिस्ती श्रद्धा स्वीकारली, तरी मनाची ही सवय उंबरठ्याबाहेर राहिली नाही. पवित्र मरियेच्या मूर्तीपुढे दोन चिठ्ठ्या टाकून घरातल्या लहान लेकराच्या हातून एक उचलून घेणारी कुटुंबे आम्ही पाहिली आहेत. त्यांना हसावे असे आम्हांला कधी वाटले नाही. ज्याच्या डोक्यावर निर्णयाचे ओझे आहे, त्याला ते कोणाच्या तरी हाती सोपवून मोकळे व्हावेसे वाटते, एवढेच.

शिवाय चिठ्ठ्यांना खुद्द पवित्र शास्त्राचा आधार आहे, असेही कोणी म्हणेल. यहूदा इस्कार्योताच्या जागी बारावा प्रेषित निवडताना चिठ्ठ्याच टाकल्या गेल्या आणि मत्थियाची निवड झाली. पण ही घटना 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायातील आहे. दुसऱ्या अध्यायात पेन्टेकॉस्टच्या दिवशी पवित्र आत्मा उतरतो, आणि त्यानंतर शिष्यांनी चिठ्ठ्या टाकल्याचे पुन्हा कोठेही वाचावयास मिळत नाही. पंधराव्या अध्यायात तर केवढा बिकट प्रश्न उभा राहतो! परराष्ट्रीयांनी ख्रिस्ती होताना सुंता करून घ्यावी की नाही, यावरून मंडळीत फूट पडण्याची वेळ आली होती. तेव्हा प्रेषित आणि वडीलजन एकत्र बसले, वाद झाला, पेत्र बोलला, पौल व बर्णबा बोलले, याकोबाने समारोप केला, आणि मग जो निर्णय झाला तो त्यांनी पवित्र आत्म्याचा व आपला असा एकाच दमात कळविला. आमच्या मते ही गोष्ट प्रत्येक धर्मग्रामात वर्षातून एकदा तरी मोठ्याने वाचली जावी. विशेषतः जमिनीच्या वाटण्या होतात त्या हंगामात!

वाटणीचा विषय निघालाच आहे, तर आमच्या घरची हकीकत सांगतो. वैजापूर तालुक्यात आमची थोडी जमीन. १९७२ च्या दुष्काळानंतर वडिलांनी तेथे विहीर खणली. मिलो आणि सुकडीवर दिवस काढलेल्या माणसाची ती विहीर, त्यामुळे तिच्याविषयी ते लेकराविषयी बोलावे तसे बोलत. पुढे त्यांनी मोसंबीची दीडशे झाडे लावली. ते गेल्यावर आई एकटीच तेथे राहिली. आम्ही तिघे भावंडे मात्र शहरात, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, वाळूज आणि चिकलठाण्याच्या कारखान्यांच्या आधाराने संसार थाटून बसलो.

२०१२-१३ चा दुष्काळ मराठवाडा विसरणार नाही. पैठणच्या जायकवाडी धरणाचा उपयुक्त साठा संपला होता, गावोगाव टँकर फिरत होते, आणि शेतकरी हाताने वाढविलेल्या मोसंबीच्या बागांवर कुऱ्हाड चालवीत होते. आमची विहीर फेब्रुवारीतच आटली. धाकट्याचे म्हणणे असे, की कर्ज काढून सहाशे फूट बोअर घ्यावे आणि बाग वाचवावी. थोरले दादा म्हणत, बाग गेलीच आहे, भाव आहे तोवर जमीन विकून आईला शहरात आणावे. दोघेही प्रामाणिक होते, पण बोलणे इतके वाढले की दादा आणि धाकटा एकाच चर्चमध्ये दोन वेगवेगळ्या मिस्सांना जाऊ लागले. नात्यातल्या एका आत्याबाईंनी सुचविले, मतमाऊलीपुढे चिठ्ठ्या टाका, तीच सांगेल. आईने ऐकून घेतले आणि म्हणाली, "चिठ्ठीला काय कळतंय, आक्का? देवानं लेकरांना तोंडं दिलीत. बोलू द्या की त्यांना." मग तिने एक विचित्र गोष्ट केली. वडिलांच्या स्मृतिदिनी दरवर्षी मृतात्म्यासाठी मिस्सा होई. त्या वर्षी तिने फादरांना सांगितले, की यंदा हेतू उपकारस्तुतीचा लिहा.

दुष्काळात उपकारस्तुती! गावातल्या बायकांना ते चमत्कारिक वाटले आणि खरे सांगायचे तर आम्हांलाही.

येथे थोडे थांबून आमच्या शहराच्या कॅथेड्रलचे आणि जालना रस्त्यावरील शाळेचे ज्यांच्या नावाशी नाते आहे, त्या संत फ्रान्सिस डी सेल्स यांच्याविषयी लिहिले पाहिजे. त्यांचे नाव या मुलखात आणले ते फ्रान्सलियन मिशनऱ्यांनी. फादर पीटर मेर्मिए यांनी १८३८ साली फ्रान्समधील आनसी येथे ही संस्था स्थापिली, आणि नागपूरपासून गोदावरीकाठापर्यंत तिचे धर्मगुरू पायी आणि बैलगाडीने हिंडले. १९७७ साली औरंगाबादचा स्वतंत्र धर्मप्रांत झाला, त्याच्या पायाशी त्यांचे श्रम आहेत. पण आपण या संताला बहुधा फलकावरच ओळखतो. पॅरिसमध्ये शिकत असता, विशीच्या उंबरठ्यावर, या तरुणाला एका भयाने ग्रासले होते. आपले नाव तारणाऱ्यांच्या यादीत नाहीच, परमेश्वराने आपल्याला आधीच टाकून दिले आहे, असे त्याला वाटू लागले. सुमारे सहा आठवडे अन्न गोड लागेना, झोप येईना. त्याने खूण मागितली असेल, तर ती मिळाली नाही. शेवटी एका चर्चमध्ये पवित्र मरियेच्या मूर्तीपुढे गुडघे टेकून त्याने ठरविले, की पुढच्या जन्माचे काय व्हायचे ते होवो, या जन्मी तरी मी देवावर प्रीती करीन. प्रश्नाला उत्तर मिळाले नव्हते, पण त्याची आराधना सुरू झाली होती, आणि भय तेथेच गळून पडले. पुढे त्यांच्या वडिलांनी त्यांना कायदा शिकविला, त्यांच्यासाठी मानाची पदे योजिली, तरी त्यांनी धर्मगुरुपद स्वीकारले.

हाच क्रम शुभवर्तमानातही दिसतो. ज्या रात्री प्रभू येशूला धरून देण्यात आले, त्या रात्री भोजनाच्या मेजावर त्याने भाकर घेतली आणि पित्याचे उपकार मानले. त्यानंतर तो गेथशेमाने बागेत गेला आणि तेथे पित्याची इच्छा काय, या प्रश्नाशी घाम गाळीत झुंजला. आधी उपकारस्तुती, मग मार्गाचा शोध. लाजराच्या कबरेपाशीही धोंड काढल्यावर, पण मृत बाहेर येण्यापूर्वी, त्याने पित्याचे आभार मानले. आपण ज्याला मिस्सा म्हणतो त्या विधीचे प्राचीन ग्रीक नावच मुळी उपकारस्तुती या अर्थाचे आहे. संत इग्नेशियस यांनी दिवसाअखेरच्या आत्मपरीक्षणाची जी पद्धत घालून दिली, तिच्यातही पहिली पायरी उपकार मानण्याची आहे, आणि स्वतःला पारखण्यासाठी कृपा मागण्याची पायरी तिच्यानंतर येते. आम्हांला वाटते, यामागे साधे व्यवहारज्ञान आहे. भ्यालेल्या आणि हिशेब मांडणाऱ्या मनाला सगळीकडे आपलेच म्हणणे ऐकू येते. जे मिळाले ते मोजून झाले, की मूठ थोडी सैल होते.

नवसाचे गणित याहून वेगळे असते. हरेगावच्या मतमाऊलीच्या यात्रेला सप्टेंबरात गोदावरी ओलांडून आमच्या भागातील शेकडो कुटुंबे जातात. त्यांच्यात मागण्यासाठी आलेले असतात आणि फेडण्यासाठी आलेलेही असतात. फेडणाऱ्यांचे तोंड भरून कौतुक करावे. लूकने सांगितलेल्या दहा कुष्ठरोग्यांपैकी तर एकच परत आला होता, आणि तोही शमरोनी. पण त्या दहांविषयी एक गोष्ट सहसा कोणी ध्यानात घेत नाही. प्रभूने त्यांना याजकांकडे जाण्यास सांगितले, तेव्हा त्यांच्या अंगावरचे डाग तसेच होते. ते शुद्ध झाले ते वाटेत. निघण्यापूर्वी खूण मागत बसले असते, तर ते अजून तेथेच असते.

आमच्या घरची मिस्सा एप्रिलमध्ये झाली. विश्वासूंच्या प्रार्थनेच्या वेळी फादरांनी आईला पुढे बोलावले. तिने विहिरीचे नाव घेऊन सुरुवात केली. चाळीस वर्षे तिने पाणी दिले, दोन लग्ने तिच्यावर झाली, मुलांची शिक्षणे झाली, पाटलांच्या गुरांनाही तिचेच पाणी गेले. त्या विहिरीत आता पाणी नव्हते, पण आईच्या बोलण्यात तक्रारीचा सूर नव्हता. घरी आल्यावर बऱ्याच महिन्यांनी दादा आणि धाकटा एका ताटावर बसले. धाकटा म्हणाला, "दादा, मला शेती करायची नाही. वडिलांचं नाव बुडू नये म्हणून भांडत होतो." दादा गप्प राहिले. मग म्हणाले, "विकायची घाई मलाही नाही रे. आईची काळजी आहे." जमीन विकली नाही, बोअरही घेतले नाही. मोसंबी तोडावी लागली. जमीन शेजारच्या शेतकऱ्याला बटईने दिली आणि आई वर्षातले चार महिने शहरात राहू लागली. हाच ईश्वराचा मार्ग होता असे छातीवर हात ठेवून कोण सांगणार? पण त्या ताटावर तो आमच्यात होता, एवढे आम्ही सांगू शकतो.

त्या वर्षी पाऊस चांगला झाला. हरभरा आणि गहू भरात आला, आणि २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यावर गारपीट कोसळली. बटईदाराचे उभे पीक तासाभरात आडवे झाले. वडिलांच्या स्मृतिदिनापूर्वी आई पुन्हा फादरांकडे गेली आणि हेतू तोच सांगितला. फादरांनी वहीतून मान वर करून विचारले, "मावशी, उपकारस्तुती कशाची? गारांची?"

"नाही फादर," आई म्हणाली, "गारा पडल्या तेव्हा त्याची लेकरं घरात होती, त्याची."

फादरांनी वहीत बटईदाराच्या मुलांची नावे विचारून घेतली.