आपल्या मापाचे वल्हे

आपण उर्दूत ज्याला चप्पू म्हणतो, त्याला मराठीत वल्हे म्हणतात. नाव हा शब्द मात्र दोन्ही भाषांत आहे. आज तुम्हांला एका नावेची आणि वल्ह्याची गोष्ट सांगतो.

माझे एक मित्र पुण्याच्या नारायण पेठेत राहतात. मुठा नदी त्यांच्या घरापासून जवळच आहे. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, तेव्हा या पेठेत पुराचे पाणी शिरले होते. मित्राच्या वडिलांनी तो पूर पाहिला होता. ‘पाण्याशी थट्टा नको,’ असे ते नेहमी म्हणत. म्हणूनच मित्र नाव वल्हवायला नीट शिकले. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा बोट क्लब १९२८ सालापासून आहे. मित्र त्याच महाविद्यालयात शिकत होते.

एकदा आम्ही कोयनेच्या शिवसागर जलाशयावर दोन दिवसांच्या सहलीला जायचे ठरवले. तिथे आम्हांला कॅनू भाड्याने मिळणार होत्या. कॅनू म्हणजे दोन्ही टोकांना निमुळती, हलकी, अरुंद नाव. ती एकाच पात्याच्या वल्ह्याने चालवतात.

निघण्याच्या आदल्या दिवशी मित्रांनी मला घरी बोलावले. भिंतीवरचे जुने लाकडी वल्हे काढले आणि मला स्टुलावर बसवले. वल्ह्याची मूठ स्टुलावर टेकवली, पाते वर केले. “दांडा संपून पाते जिथे सुरू होते, ती जागा हनुवटी आणि नाक यांच्या दरम्यान यावी. हे तुमचे माप. नाव मात्र लांब घ्या. लांब नाव सरळ जाते आणि सामानही जास्त नेते. आखूड नाव चटकन वळते, ती लहान ओढ्यात बरी,” असे त्यांनी समजावले. मी मान डोलावली आणि मनातल्या मनात हसलो. वल्हे घ्यायचे, की शिंप्याकडे कपडे शिवायचे?

जलाशयावर पोहोचलो. एक आखूड, लालभडक नाव मला फार आवडली. वल्हे मी सर्वांत लांब उचलले. लांब वल्हे जास्त पाणी लोटेल, असा माझा हिशेब! मित्र म्हणाले, “पुन्हा विचार करा.” मी ऐकले नाही. जीवरक्षक जाकीट मात्र त्यांनी स्वतः माझ्या अंगावर घट्ट बांधले.

सकाळी सारे छान होते. दुपारी समोरून वारा सुटला. माझी नाव कधी डावीकडे, कधी उजवीकडे तोंड फिरवू लागली. जड वल्हे प्रत्येक वेळी खांद्यापेक्षा वर उचलावे लागे. दिवसभरात ते हजारो वेळा उचलायचे असते, हे मला तेव्हा कळले! उन्हे कलली. काठ दूर होता. उजवा हात वर होईना. मी पार घाबरून गेलो.

मित्र मागे वळून माझ्याजवळ आले. त्यांनी आपल्या नावेतून जादा वल्हे काढले. तेच नारायण पेठेतले, माझ्या मापाचे! “लांबच्या प्रवासाला जादा वल्हे हवेच,” एवढेच ते म्हणाले. मग त्यांनी मला नावेत गुडघे टेकून बसायला सांगितले. त्यामुळे तोल सावरला. हळूहळू, काठाकाठाने, अंधार पडण्यापूर्वी आम्ही मुक्कामी पोहोचलो.

मित्रांनी मला एका शब्दानेही टोचले नाही. पण रात्रभर माझा खांदा मला बोलत होता.

मित्रांनो, रंग पाहून नाव निवडू नका. पाणी कसे आहे, वाट किती लांब आहे, ओझे किती आहे आणि आपले हात केवढे आहेत, हे आधी पाहा. उद्या तुम्ही सायकल घ्याल, दहावीनंतर शाखा निवडाल. तेव्हाही एकदा स्टुलावर बसून आपले माप घ्या. आणि माप सांगणाऱ्याला हसू नका!