खण, माळवद आणि शाकारणी

किल्लारी, वैशाख

ती. आईस सा. न.

पुण्यात वारज्याच्या टू बीएचकेत आजी अजून खोली खणांत मोजते आणि नातवंडं हसतात. खण म्हणजे दोन खांबांमधली जागा, हे त्यांना दाखवायला इथं आणावं म्हटलं, तर इथलेही खांब गेलेले.

मराठवाड्यातलं जुनं घर उन्हाला तोंड द्यायला बांधलेलं. जाडजूड दगडी भिंती, चिखलात रचलेल्या. वर तुळया, तुळयांवर लाकडाची किलचनं, त्यावर पाला, चिखल आणि शेवटी पांढरी माती. हे माळवद. उजेडापुरतं छतात एक साणं. गळू नये म्हणून पावसाळ्याआधी वर मातीचा नवा थर पडायचा. जुना खरवडून काढायची तसदी सहसा कुणी घेत नसे. आज्याची माती, बापाची माती, लेकाची माती. भर दुपारी आत गारवा असायचा तो या राशीचा आणि त्या भिंतींचा.

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे भूकंप झाला आणि हेच ओझं अंगावर आलं. गणपती बोळवून गावं नुकती निजली होती. चिखलातले दगड सुटले, माळवदं खाली बसली, आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. जिथं लाकडी सांगाडा धड होता, तिथं भिंती ढासळूनही काही छतं तगली. म्हणजे आजीचा खण अगदीच अडाणी नव्हता.

पुढं 52 गावं नव्या जागी वसली. घर केवढं, ते कुणाकडं किती जमीन त्यावरून ठरलं: 250, 400 किंवा 750 चौरस फूट. रस्ते आखीव, घरं ओळीनं. पण कडबा कुठं रचायचा, शेळी कुठं बांधायची? म्हणून दारापुढं पत्र्याची शेडं आली. ती दुपारी तापतात, हे सगळ्यांना कळतं. तरी पत्रा पडला तर माणूस वाचेल, हा हिशेब ज्यानं ढिगारा उपसलाय त्याला पुण्याहून कुणी शिकवू नये.

मालगुंड, मृगाच्या तोंडावर

ती. आईस सा. न.

पुण्यात वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस. रत्नागिरीच्या या पट्ट्यात तीन हजारांच्या वर. त्यामुळे इथं सगळी काळजी छपराची. पागोळ्या भिंतीपासून लांब पडाव्यात म्हणून ते इतकं खाली उतरवलेलं, की पडवीत शिरताना उंच माणसाचं कपाळ वाशाला लागतं. काल लागलं. भिंती जांभ्याच्या, खाणीतून निघताना मऊ असलेला चिरा वाऱ्यावर टणक होतो.

कवी केशवसुतांचं इथलं जन्मघर कोकण मराठी साहित्य परिषदेनं स्मारक म्हणून राखलंय. त्याला संस्था आहे. बाकीच्या घरांना चाकरमानी आहेत, तेही गणपतीत. बाळंतिणीची खोली, घरातली सर्वांत काळोखी आणि उबदार, हल्ली अडगळीला देतात. बाळंतपण दवाखान्यात होतं ते बरंच म्हणायचं.

खरी रड शाकारणीची. पावसाआधी कौलं काढायची, फुटकी बदलायची, वासे तपासायचे, पुन्हा रचायची. त्यात वानरं वरून उड्या मारून वर्षभर कौलं फोडत असतात. पूर्वी घरातले चार भाऊ चढायचे. आता दोघं मुंबईत, तिसऱ्याचे गुडघे गेलेले, गडी मिळत नाही. मग पत्रा. पाऊस लागला की त्याखाली टीव्ही ऐकू येत नाही, एवढीच तक्रार.

आपलं वारजे 1997 साली पुणे महापालिकेत गेलं. तिथं स्लॅबखाली वाढलेल्या पोरांना शाकारणी हा शब्दच माहीत नाही. गच्चीला चुना मारणं मात्र त्याच घराण्यातलं काम. सोसायटीनं यंदा मारला का? आणि गच्चीच्या पाइपात पिंपळाचं रोप उगवलं होतं, ते आधी उपटायला सांग. इथं समुद्राकडून काळं भरून आलंय. गुरुवारी आंबा घाट चढून कोल्हापूरमार्गे बायपासनं थेट वारजे.