मुठीएवढी फट

मी मूळची देवगडची. मासे म्हणजे बंदरात लागलेली होडी, टोपलीतले बांगडे आणि आईची घासाघीस, एवढंच मला ठाऊक. मासा धरायला आधी पाणी फोडावं लागतं, हे मला मिनेसोटात येऊन कळलं, तेही वयाच्या 38व्या वर्षी.

आमच्या शेजारी एक आजोबा राहतात. दिवसाला चारेक वाक्यं बोलतात, त्यातली दोन हवामानावर. मागच्या हिवाळ्यात त्यांनी आपला जुना तंबू आम्हाला देऊन टाकला. सहा फूट बाय सहा फूट, बाजू बाहेर ओढल्या की छत्रीसारखा ताणून उभा राहणारा, तळ नसलेला. "मिल लॅक्सला या," म्हणाले, "हीटर मात्र तुमचा तुम्ही घ्या." मिल लॅक्स हे मिनीॲपोलिसपासून शंभरेक मैल उत्तरेला असलेलं अवाढव्य तळं. हिवाळ्यात त्याच्यावर अक्षरशः गाव वसतं. रस्ते आखतात, ट्रक धावतात. पायी चालायला निदान चार इंच बर्फ हवा, असं इथलं सरकारी खातं सांगतं. जानेवारीत तिथे फुटाच्या वर असतो. बर्फाची भीती माझ्या मनातून लवकर गेली. गोंधळ उडवला तो हीटरने.

दुकानात भिंतभर हीटर, आणि प्रत्येकावर एक आकडा: 3,800, 4,000, 9,000, 15,000, 18,000. एकक बीटीयू. आमच्या लहानपणी बादलीत सोडायचा रॉड असायचा ना, 1,500 वॅटचा? तो या हिशेबाने साधारण 5,100 बीटीयूचा. हे गणित मी दुकानातच उभ्याउभ्या फोनवर केलं आणि हबकले. म्हणजे 15,000चा हीटर म्हणजे तीन बादल्यांचे तीन रॉड, आणि ते माझ्या बाथरूमएवढ्या तंबूत! बाहेर उणे 20 असताना मात्र तीन काय, पाच रॉड घ्यावेत असंच वाटत होतं.

त्या 15,000वाल्याचं रूप मोठं मोहक. मोठ्या सिलिंडरच्या डोक्यावर थेट बसणारी लालभडक तबकडी; त्याला इथे 'सूर्यफूल' म्हणतात. किंमतही सगळ्यांत कमी. मी तो उचललाच होता. खोक्याच्या बाजूला बारीक अक्षरात लिहिलेलं होतं: फक्त उघड्यावर वापरा. तंबू हा उघड्यावर असतो, असा माझा युक्तिवाद. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं आणि खोकं परत ठेवलं.

त्याचं स्वतःचं म्हणणं होतं की विजेवर चालणारा घ्यावा. ज्योत नाही, धूर नाही, काळजी नाही. बरोबरच होतं ते. फक्त वीज कुठली? एक किलोवॅट-तासाची बॅटरी घेतली तर 1,500 वॅटचा हीटर ती चाळीस मिनिटांत संपवतो, आणि ती बॅटरी बर्फावर ओढत न्यायची ती मी. मग डिझेलचा हीटर पाहिला. त्याचं पोट बाहेर, धूर बाहेर, आत येते ती नुसती गरम हवा. खरं सांगायचं तर सुरक्षिततेच्या दृष्टीने मला तो आजही सगळ्यांत चांगला वाटतो. पण त्याला पुन्हा बॅटरी, टाकी, आणि तापलेली धुराची नळी कापडापासून दूर नेण्याची कसरत. दोन माणसांच्या तंबूत मग माणसं बाहेर बसवावी लागली असती.

शेवटी दुकानातल्या एका वयस्क बाईंना माझी दया आली. त्यांनी मला बीटीयू विसरायला सांगितलं आणि दोन गोष्टी शोधायला लावल्या. एक, हीटर कलंडला की आपोआप बंद होतो का. दोन, हवेतला ऑक्सिजन कमी झाला की बंद होतो का. ही दुसरी युक्ती मला फार आवडली. आत एक लहानशी ज्योत सतत जळत असते आणि धातूच्या एका टोकाला चाटत असते. त्या उष्णतेवर गॅसची झडप उघडी राहते. हवेतला ऑक्सिजन नेहमीच्या 21 टक्क्यांवरून 18च्या आसपास उतरला की ज्योत आपली जागा सोडते, टोक गार होतं, झडप मिटते. ना बॅटरी, ना चिप.

तर आम्ही 4,000 आणि 9,000 अशा दोन पायऱ्यांचा, या दोन्ही सोयी असलेला, टिफिनच्या पिशवीएवढा हीटर घेतला. त्याला एक पौंडाचा हिरवा डबा लागतो. मंद आचेवर पाच तासांच्या वर, मोठ्या आचेवर जेमतेम अडीच तास. आत शुद्ध प्रोपेन. आपल्याकडच्या घरगुती सिलिंडरमध्ये ब्यूटेनही असतो, आणि ब्यूटेन शून्याच्या आसपासच वायू व्हायचं नाकारतो. प्रोपेन उणे 42पर्यंत तग धरतो. तरी कडाक्याच्या थंडीत डब्यावर दव गोठतं आणि आच मंदावते.

पहिल्या दिवशी मी तंबू असा बंदिस्त केला की मुंगी शिरू नये. कडेच्या झालरीवर फावड्याने बर्फ लोटला. छताजवळच्या दोन्ही झडपा चिकटवून टाकल्या. हीटर फळीवर ठेवला, नाहीतर तो स्वतःच्या उबेने खड्डा करून तिरका होतो, एवढं आजोबांनी बजावलं होतं. मग काय! वीस मिनिटांत आम्ही जाकिटं काढली. मी थर्मासमधला चहा ओतला. नवरा म्हणाला, "हे तर लोणावळ्यासारखं आहे."

मग छतावरून माझ्या कपात टपकन एक थेंब पडला. पाठोपाठ मानेवर. प्रोपेन जळला की पाणी होतं, आणि थोडंथोडकं नाही: डबाभर गॅस जाळला की पाऊण लिटरच्या आसपास. ते सगळं आमच्या छताला लागून परत खाली येत होतं. पावसाळ्यात कौलं गळताना आई पातेली मांडायची, तशी मी चहाची झाकणं मांडली.

आणि हीटर विझला. पेटवला. थोड्या वेळाने पुन्हा विझला. तिसऱ्यांदा विझल्यावर मी त्याला, त्याच्या कारखान्याला आणि दुकानातल्या बाईंना मराठीत जे म्हणायचं ते म्हटलं. माझं डोकंही जड झालं होतं, पण आम्ही पहाटे चारला उठलो होतो, तेव्हा त्याचं काही वाटलं नाही. नवरा चौथ्यांदा बटण दाबत असताना बाहेरून चेन सरकन उघडली आणि आजोबांचं डोकं आत आलं. त्यांनी एकदा छताकडे पाहिलं, एकदा आमच्याकडे. "हीटर चांगला आहे," म्हणाले आणि दार तसंच उघडं टाकून निघून गेले.

त्या उघड्या दारातून आलेल्या वाऱ्याबरोबर मला एकदम कोथरूडच्या काकू आठवल्या. शिकत असताना मी त्यांच्याकडे राहायचे. बाथरूममध्ये गॅसचा गिझर होता आणि खिडकीच्या काचेच्या दोन पट्ट्या काकूंनी काढूनच टाकलेल्या. डिसेंबरात त्यातून असा गारठा यायचा की मी तिथे टॉवेल कोंबून आंघोळ करायचे. काकू बाहेरून दार वाजवायच्या, "टॉवेल काढ आधी!" दर थंडीत पेपरात एखादी बातमी यायची, गिझर सुरू असताना बंद बाथरूममध्ये गेलेल्या कोणाची तरी. मी ती वाचायचे आणि दुसऱ्या दिवशी टॉवेल कोंबायचे. आणि आता पदरचे पैसे देऊन मी तेच बाथरूम बर्फावर बांधलं होतं.

दुपारी मी माहितीपुस्तिका उघडली, जी आदल्या रात्री वाचायला हवी होती. मंद आचेसाठी चार चौरस इंच, मोठ्या आचेसाठी नऊ चौरस इंच उघडी जागा ठेवा. नऊ म्हणजे तीन बाय तीन, माझी मूठ जाईल एवढी फट. आम्ही एक वर छतापाशी आणि एक खाली झालरीजवळ ठेवू लागलो. थेंब कमी झाले. हीटर पुन्हा विझला नाही.

पण पुस्तिकेने एक नवीन घोरही लावला. ती ज्योतीची युक्ती ऑक्सिजन ओळखते, कार्बन मोनॉक्साइड ओळखत नाही. गॅस गळला तर वास येतो, कारण तो वास मुद्दाम मिसळलेला असतो. मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. रक्तात तो ऑक्सिजनची जागा बळकावतो आणि आपल्याला फक्त डोकं जड वाटतं, झोप अपुरी झाल्यासारखं. म्हणून त्याचा वेगळा अलार्म लागतो. आम्ही घेतला, तर त्यावर लिहिलेलं की हा 4 अंशांच्या वर चालतो! आता मी तो जाकिटाच्या आतल्या खिशात ऊब देत नेते, तंबू तापला की छातीच्या उंचीवर टांगते, आणि त्याच्या भरवशावर फट मात्र बुजवत नाही. झोप येऊ लागली तर हीटर बंद करून बाहेर पडायचं, हा नियम नवऱ्याने केला. तो स्वतः दोनदा घोरताना सापडलाय.

बाकी नुकसान म्हणाल तर एका बाहीचं. आमिष लावताना मी हीटरकडे पाठ केली आणि जाकिटाला रुपयाएवढं भोक पडलं. हीटरसमोर हात-दोन हात मोकळी जागा ठेवा, हेही पुस्तिकेत होतं.

आईला फोनवर हे सगळं सांगितलं तर म्हणाली, "गो, तुका काय येड लागलां? बाजारात मासे नाय गावणत?" गावतात. पण गेल्या रविवारी मला एक पर्च मिळाला, तळहाताएवढा, पिवळ्या अंगावर काळे पट्टे. मंद आच होती, 4,000ची. खालच्या फटीतून वारा थेट माझ्या घोट्यांवर येत होता. मी काकूंना मनातल्या मनात दोन शिव्या घातल्या, मोज्यांची दुसरी जोडी चढवली आणि गळ पुन्हा भोकात सोडला.